विश्लेषण : व्हिडीओ गेममधली ‘लेव्हल’ आली कुठून? विम्याची नोकरी गमावलेले गॅरी गायगॅक्स कोण होते?

‘एल्डन रिंग’ पहिल्यांदा सुरू करणारा खेळाडू सुरुवातीच्या भुयारातून बाहेर येतो, तेव्हा समोर हिरवे माळरान असते आणि त्यावर सोनेरी चिलखतातला एक घोडेस्वार शांतपणे फेऱ्या मारत असतो. बहुतेक नवे खेळाडू त्याच्याशी लढायला जातात आणि दोन-तीन फटक्यांत मरतात. पुन्हा जातात, पुन्हा मरतात. मग कधी तरी लक्षात येते, की याला वळसा घालून पुढे जाता येते. आत्ताच याच्याशी लढा, असे गेमने कुठेही सांगितलेले नाही. घोडेस्वार तिथे आहे, एवढेच.

२०२२ साली आलेल्या या गेमच्या कोट्यवधी प्रती खपल्या आणि ‘हा गेम इतका कठीण का’ यावर तेवढाच वाद झाला. मात्र खुल्या जगातल्या फँटसी गेममध्ये शत्रू किती ताकदीचा असावा, आपले पात्र कशामुळे बलवान व्हावे आणि नकाशाच्या कोपऱ्यात भटकणाऱ्याला काय मिळावे, हे प्रश्न व्हिडीओ गेमपेक्षा जुने आहेत. त्यांची पहिली ठोस उत्तरे पन्नासेक वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका लहान गावात कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन शोधली गेली. ती शोधणाऱ्यांतले सर्वांत गाजलेले नाव म्हणजे गॅरी गायगॅक्स. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ अर्थात ‘डी अँड डी’ या खेळाचे दोन जनक मानले जातात, त्यांपैकी ते एक. दुसऱ्याचे नाव अनेकदा राहून जाते, त्याविषयी पुढे.

गायगॅक्स यांचे बालपण कसे होते?

अर्नेस्ट गॅरी गायगॅक्स यांचा जन्म २७ जुलै १९३८ रोजी शिकागोत झाला. वडील स्वित्झर्लंडहून आलेले, व्हायोलिन वाजवणारे. शिकागोतल्या गल्लीत मुलांच्या टोळ्यांची मोठी मारामारी झाली आणि त्यानंतर १९४६ साली कुटुंबाने शहर सोडले. ते आईच्या माहेरगावी, विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा येथे राहायला गेले. गायगॅक्स यांचे पुढचे बहुतेक आयुष्य या तळ्याकाठच्या गावातच गेले.

गावात एक ओस पडलेले आरोग्यधाम होते, त्याखाली भुयारे होती. गॅरी आणि त्याचे मित्र तिथे शिरून खेळत. अंधारात पुढच्या वळणावर काय असेल, याची भीती आणि ओढ एकाच वेळी वाटणे, हा त्यांच्या पुढच्या सगळ्या खेळांचा गाभा आहे. तो या भुयारांतून आला असे म्हणणे जरा सोयीचे ठरेल, पण मोह आवरत नाही. दुसरा स्रोत पुस्तकांचा. रॉबर्ट हॉवर्ड, फ्रिट्झ लायबर, जॅक व्हान्स यांच्या स्वस्त मासिकांतल्या साहसकथा त्यांनी अधाशासारख्या वाचल्या. या कथांचे नायक जग वाचवायला निघालेले नसतात. ते खजिना मिळवायला आणि जीव वाचवायला निघालेले असतात. टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’पेक्षा गायगॅक्स यांना या कथा अधिक जवळच्या होत्या.

शाळा त्यांनी अर्धवट सोडली. नौदलाच्या मरीन दलात भरती झाले, पण न्यूमोनियाच्या निदानामुळे लवकरच परत आले. १९५८ साली लग्न झाले आणि पुढे पाच मुले झाली. घर चालवण्यासाठी ते शिकागोतल्या एका विमा कंपनीत कामाला लागले. काम होते अंडररायटिंगचे. म्हणजे समोरच्या माणसावर संकट येण्याची शक्यता किती, हे तक्त्यांवरून ठरवायचे आणि त्यानुसार हप्ता आकारायचा. त्यांच्या पुस्तकांतले शक्यतांचे तक्ते पाहिले की ही नोकरी आठवल्याशिवाय राहत नाही.

खेळांकडे ते कसे वळले?

१९५८ साली ‘अॅव्हलॉन हिल’ या कंपनीने ‘गेटिसबर्ग’ हा युद्धखेळ आणला होता. अमेरिकी यादवी युद्धातली लढाई टेबलावर, नकाशावर पुन्हा लढायची. गायगॅक्स त्यात रमले ते कायमचे. १९६७ साली त्यांच्या घरी वीसेक युद्धखेळप्रेमी जमले. पुढच्या वर्षी त्यांनी गावातला हॉर्टिकल्चरल हॉल ५० डॉलर भाड्याने घेतला आणि रीतसर मेळावा भरवला. तोच ‘जेन कॉन’. आज तो अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या टेबल-खेळ मेळाव्यांपैकी एक आहे.

१९७० च्या ऑक्टोबरमध्ये विम्याची नोकरी गेली. पाच मुलांचा बाप बेकार झाला. त्यांनी घराच्या तळघरात बूट दुरुस्तीचे काम सुरू केले. त्यातून घर जेमतेम चाले, पण वेळ हाताशी राही आणि तो वेळ खेळांचे नियम लिहिण्यात जाई. १९७१ साली जेफ पेरन यांच्यासोबत लिहिलेले ‘चेनमेल’ हे मध्ययुगीन लढायांचे नियमपुस्तक प्रकाशित झाले. त्याच्या शेवटी गायगॅक्स यांनी एक पुरवणी जोडली. जादूगार, ड्रॅगन, आगीचे गोळे अशी सगळी मंडळी तिच्यात होती. इतिहासाचे काटेकोर पालन करणाऱ्या अनेक युद्धखेळाडूंना ते रुचले नाही. मात्र लोक पुरवणीसाठीच पुस्तक घेऊ लागले.

या पुरवणीतला एक लहानसा नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्यात ‘हीरो’ हा एक सैनिक चार सामान्य सैनिकांइतका मोजला जाई आणि ‘सुपरहीरो’ आठ सैनिकांइतका. पुढे ‘डी अँड डी’मध्ये लढवय्याच्या चौथ्या लेव्हलला ‘हीरो’ आणि आठव्या लेव्हलला ‘सुपरहीरो’ हीच नावे आली. आज ज्याला आपण सहज ‘लेव्हल फोर’ म्हणतो, त्याचे मूळ एक माणूस किती माणसांच्या बरोबरीचा, या हिशेबात आहे.

मग ‘लेव्हल’चा शोध नेमका कोणाचा?

इथे डेव्ह आर्नेसन यांचे नाव घ्यावेच लागते. मिनेसोटातल्या या तरुणाची आणि गायगॅक्स यांची ओळख १९६९ च्या जेन कॉनमध्ये झाली. आर्नेसन यांच्या मित्रमंडळात डेव्हिड वेसेली यांनी ‘ब्राउनस्टाइन’ नावाचा प्रयोग केला होता. त्यात प्रत्येक खेळाडू सैन्याऐवजी एकाच व्यक्तीची भूमिका घेई. आर्नेसन यांनी तो धागा पकडून ‘ब्लॅकमूर’ नावाचे काल्पनिक राज्य उभे केले. त्यातल्या किल्ल्याखाली भुयारे होती. खेळाडूचे पात्र एका रात्रीपुरते नसे. ते पुढच्या आठवड्यात परत येई, अनुभव साठवी, बलवान होई. एका फटक्यात पात्र मरू नये म्हणून घाव सोसण्याची क्षमता आकड्यात मोजण्याची कल्पनाही त्यांनी आणली. आर्नेसन यांच्या सांगण्यानुसार ती नौदलाच्या युद्धखेळांतून आली होती. जहाज एका गोळ्यात बुडत नाही, तसा नायकही एका वारात पडू नये. आजचे ‘हिट पॉइंट्स’ ते हेच.

१९७२ च्या अखेरीस आर्नेसन आणि डेव्हिड मेगरी गाडीने लेक जिनिव्हाला आले आणि त्यांनी गायगॅक्स यांना हा खेळ खेळून दाखवला. गायगॅक्स झपाटून गेले. आर्नेसन यांच्या टिपणांवरून आणि स्वतःच्या डोक्यातून त्यांनी आधी ५० पानांचा, नंतर दीडशे पानांचा खर्डा टंकलेखन यंत्रावर बडवून काढला. चाचणीसाठी त्यांनी ‘ग्रेहॉक’ किल्ल्याखालची भुयारे रचली आणि पहिले खेळाडू म्हणून मुलगा अर्नी आणि मुलगी एलिस यांना बसवले. पहिल्याच खेळात मुलांना एक पेटी सापडली. तिच्यात ३,००० नाणी होती, पण तांब्याची, आणि पेटी उचलून नेणे शक्य नव्हते. मुले हिरमुसली. ‘स्कायरिम’मध्ये सामानाचे वजन जास्त झाले की पात्र पळेनासे होते आणि आपण कुरकुरत तलवारी टाकून देतो, ती कुरकुर सर्वांत आधी गायगॅक्स यांच्या घरात ऐकू आली.

तेव्हा श्रेयाची वाटणी साधारण अशी करता येईल. एक पात्र, भुयार आणि साठत जाणारा अनुभव या कल्पना मुख्यतः आर्नेसन यांच्या. त्यांना अनोळखी माणसालाही घरी बसून खेळता येईल अशा नियमांत बांधण्याचे काम मुख्यतः गायगॅक्स यांचे. दुसरे काम कमी महत्त्वाचे नाही. चांगली कल्पना आणि चालणारे उत्पादन यांतले अंतर कोणत्याही इंजिनीअरला विचारावे.

तो खेळ खुल्या जगातल्या गेमशी कसा जोडलेला आहे?

जानेवारी १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रकाशित झाला. लाकडासारख्या दिसणाऱ्या तपकिरी खोक्यात तीन पातळ पुस्तिका, किंमत १० डॉलर, पहिली आवृत्ती १,००० प्रतींची. पुस्तिका विस्कळीत होत्या, काही नियम तर वाचून कळतच नसत. तरीही आजच्या खेळाडूने ते नियम पाहिले, तर तीन गोष्टींवर त्याची नजर अडखळेल.

पहिली गोष्ट अनुभवाची, म्हणजे एक्सपीची. राक्षस मारल्यावर गुण मिळत, पण खजिन्यालाही मिळत. सोन्याचे एक नाणे म्हणजे एक गुण. सुरुवातीला राक्षसांचेही गुण भरपूर होते. मात्र १९७५ साली गायगॅक्स आणि रॉब कुंट्झ यांच्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीने ते कापले. ऑर्कसारख्या सर्वांत खालच्या दर्जाच्या शत्रूचे शंभर गुण दहावर आले. आता हिशेब करा. लढवय्याला दुसऱ्या लेव्हलला जायला २,००० गुण लागत. म्हणजे एक तर दोनशे ऑर्क मारा, नाही तर २,००० सोन्याची नाणी शोधून आणा. पहिल्या लेव्हलचे पात्र एक-दोन वारांत मरत असताना शहाणा माणूस काय करेल? तो लढाई टाळेल. भिंती ठोकून पाहील, गुप्त दार शोधेल, झोपलेल्या ड्रॅगनच्या बाजूने चोरपावलांनी जाईल. १९७९ च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये गायगॅक्स यांनी आणखी एक अट घातली. खजिना भुयाराबाहेर सुखरूप आणला तरच गुण मिळतील. नुसता दिसला, हाताला लागला, याला किंमत नाही. पात्र वाढण्याचे इंधन शोधात होते, तलवारीत नव्हते.

दुसरी गोष्ट कठीणपणाची. भुयाराला मजले असत. पहिल्या मजल्यावर साधे शत्रू, जसजसे खाली जाल तसतसे भयंकर. खेळाडूने कोणत्या मजल्यावर जायचे, हे त्याचे तो ठरवी. जिना समोरच आहे, उतरायला कोणी अडवत नाही. मात्र बलवान पात्र घेऊन वरच्याच मजल्यावर दुबळे शत्रू मारत बसायची सोय नव्हती. आठव्या लेव्हलचे पात्र पाचव्या मजल्यावर खेळले, तर त्याला पाच अष्टमांश गुणच मिळत. धोका स्वतःहून वाढवाल तरच पूर्ण मोबदला. विम्याच्या हप्त्याचे गणित उलटे फिरवले की हाच नियम तयार होतो.

तिसरी गोष्ट भुयाराबाहेरच्या जगाची, आणि ‘ओपन वर्ल्ड’ची मुळे खरे तर इथे आहेत. बाहेरच्या भटकंतीसाठी नियमांनी ‘अॅव्हलॉन हिल’च्या १९७२ सालच्या ‘आउटडोअर सर्व्हायव्हल’ या खेळाचा षटकोनी घरांचा नकाशा वापरायला सांगितले होते. एका कंपनीच्या खेळाला दुसऱ्याचा पट लागतो, हे आज अशक्य वाटावे. एक घर म्हणजे पाच मैल. वाट चुकण्याची शक्यता फाशावर ठरे. सपाटीवर सहात एक, दलदलीत आणि वाळवंटात निम्मी. आणि वाटेत कोण भेटेल, याला खेळाडूच्या लेव्हलशी काही देणेघेणे नव्हते. ऑर्कांची टोळी भेटली तर ती तीसची असू शके किंवा तीनशेची. चार जणांच्या नवख्या टोळक्यासमोर तीनशे ऑर्क!

हा अन्याय वाटू शकतो. पण त्याच पुस्तिकेत सुटकेचेही नियम होते. समोरचे लगेच हल्ला करतात की बोलायला तयार होतात, याचा वेगळा फासा होता. पाठलाग सुरू झाला तर अन्न फेकता येई. बुद्धी नसलेला प्राणी दहापैकी नऊ वेळा अन्नाशी थांबे, बुद्धिमान शत्रू मात्र दहापैकी एकदाच. खजिना फेकला तर हेच प्रमाण उलटे. जग तुमच्या मापाचे शिवलेले नाही, पण त्यातून निसटायच्या वाटा आहेत, असा तो करार होता. एल्डन रिंगमधला सोनेरी घोडेस्वार याच कराराचा वारसदार आहे.

गायगॅक्स यांचे खेळ खरोखर इतके क्रूर होते का?

काही खेळ नक्कीच होते. १९७५ साली ‘ओरिजिन्स’ मेळाव्यासाठी त्यांनी ‘टूम ऑफ हॉरर्स’ हे थडगे रचले. १९७८ मध्ये ते पुस्तिका म्हणून विक्रीला आले. आपली पात्रे अजिंक्य आहेत अशी फुशारकी मारणाऱ्या पट्टीच्या खेळाडूंसाठी ते होते. त्यात लढाया फार थोड्या. सापळे मात्र पावलापावलावर. भिंतीवर एक हिरवा सैतानी चेहरा आहे, त्याच्या उघड्या तोंडात गडद काळोख आहे. आत शिरलेले पात्र कायमचे नष्ट. फासा नाही, दुसरी संधी नाही. लेव्हल कितीही असो.

हे थडगे चांगले रचलेले होते का, यावर खेळाडूंत अजूनही दोन तट आहेत. मला विचाराल तर सैतानी तोंडाचा सापळा अन्यायी आहे, कारण त्याचा अंदाज येण्याइतपत खुणा नाहीत. मात्र थडग्यामागचा विचार समजून घेण्यासारखा आहे. तिथे पात्राची ताकद तपासली जात नव्हती, खेळणाऱ्याची सावधगिरी तपासली जात होती. रॉब कुंट्झ यांनी आपल्या ‘रोबिलार’ या पात्रासोबत ऑर्कांची फौज नेली आणि प्रत्येक संशयास्पद जागी आधी ऑर्कांना पुढे पाठवले. क्रूर खरे, पण परीक्षेचे उत्तर तेच होते.

पात्र घडायला महिनोन्महिने लागत आणि ते एका चुकीत जाई. म्हणूनच टिकलेल्या पात्राला किंमत होती. नवव्या लेव्हलला पोहोचलेला लढवय्या ‘लॉर्ड’ होई, किल्ला बांधू शके, मुलखाचा कारभार पाही. तिथवर पोहोचणारे थोडेच असत.

मराठी वाचकासाठी एक गंमत. १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ या गायगॅक्स यांच्या प्राणिकोशात ‘राक्षस’ आणि ‘नाग’ हे दोघेही आपल्या मूळ नावानिशी हजर आहेत. तिथल्या राक्षसाचे चित्र मात्र वाघाचे तोंड असलेल्या, आरामात पाइप ओढणाऱ्या गृहस्थाचे आहे आणि तो मरतो मंतरलेल्या बाणाने! ही कल्पना गायगॅक्स यांनी बरीचशी एका अमेरिकी टीव्ही मालिकेतून उचलली होती. रामायणातला राक्षस विस्कॉन्सिनपर्यंत पोहोचेस्तोवर बराच बदलला, पण आजही तो अनेक गेममध्ये याच रूपात दिसतो.

कंपनीचे काय झाले?

खेळ छापायला कोणी तयार नव्हते, म्हणून ऑक्टोबर १९७३ मध्ये गायगॅक्स आणि बालमित्र डॉन के यांनी प्रत्येकी १,२०० डॉलर घालून ‘टॅक्टिकल स्टडीज रूल्स’ म्हणजेच टीएसआर ही कंपनी काढली. एवढ्यात छपाई होईना, तेव्हा ब्रायन ब्लूम २,००० डॉलर घेऊन भागीदार झाले. पहिल्या हजार प्रती वर्षभरात संपल्या. मात्र जानेवारी १९७५ मध्ये डॉन के हृदयविकाराने गेले. वय अवघे ३६. पुढच्या फेररचनेत कंपनीवरचे बहुमत ब्लूम कुटुंबाकडे गेले. गायगॅक्स चेहरा राहिले, मालक राहिले नाहीत.

आर्नेसन १९७६ च्या अखेरीस कंपनीतून बाहेर पडले. त्यानंतर आलेल्या ‘अॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पुस्तकांवर लेखक म्हणून एकट्या गायगॅक्स यांचे नाव होते. आर्नेसन १९७९ साली न्यायालयात गेले आणि १९८१ मध्ये तडजोड झाली. गायगॅक्स यांच्या चरित्रातला हा भाग त्यांच्या चाहत्यांना अवघड जातो. ज्या माणसाने पहिल्या पुस्तिकांत वाचकाला स्वतःचे नियम, स्वतःचे जग रचायला सांगितले, तोच पुढे अधिकृत नियमांबाहेर खेळणारे आपला खेळ खेळतच नाहीत, असे मासिकातून बजावू लागला. त्यामागे धंदा होता, अहंकारही होता.

१९७९ साली मिशिगनमधला एक विद्यार्थी बेपत्ता झाला आणि तो खेळापायी विद्यापीठाच्या भुयारांत हरवला, अशी अफवा देशभर पसरली. तो महिन्याभरात दुसऱ्या राज्यात सापडला आणि कारणे वेगळीच निघाली, पण खेळाला सैतानी ठरवणारी मोहीम तोवर पेटली होती. १९८५ साली ‘६० मिनिट्स’ या टीव्ही कार्यक्रमात गायगॅक्स यांना खेळाची बाजू मांडावी लागली. सैतानपूजक म्हणून हिणवला गेलेला हा माणूस एके काळी ‘यहोवाज विटनेसेस’ या कर्मठ ख्रिस्ती पंथाचा सक्रिय अनुयायी होता, हे फार थोड्यांना माहीत होते. वादामुळे खप मात्र वाढला.

१९८३ च्या सुमारास ते कार्टून मालिका आणि चित्रपटाच्या कामासाठी कॅलिफोर्नियात गेले. त्याच काळात पहिले लग्न मोडले. इकडे कंपनीवर १५ लाख डॉलरचे कर्ज झाले. परत येऊन त्यांनी कारभार हाती घेतला, पण त्यांनीच नेमलेल्या व्यवस्थापक लॉरेन विल्यम्स यांनी १९८५ मध्ये ब्लूम कुटुंबाचे समभाग विकत घेतले. गायगॅक्स न्यायालयात हरले आणि १९८६ अखेर त्यांचा कंपनीशी संबंध संपला. ज्या खेळावर त्यांचे नाव होते, त्यावर त्यांचा अधिकार उरला नाही. नंतर ‘डेंजरस जर्नीज’ हा नवा खेळ त्यांनी आणला, तर टीएसआरने त्यावरही दावा ठोकला.

व्हिडीओ गेमने त्यांच्याकडून काय घेतले, काय सोडले?

घ्यायला सुरुवात फार लवकर झाली. १९७५ च्या सुमारास इलिनॉयमधल्या ‘प्लेटो’ या शैक्षणिक संगणक प्रणालीवर विद्यार्थी चोरून भुयारांचे गेम लिहीत होते. त्यांतल्या एकाचे नाव सरळ ‘डीएनडी’ होते. टेक्सासमधला शाळकरी रिचर्ड गॅरियट शाळेच्या टेलिटाइप यंत्रावर याच नावाचे एकामागून एक कार्यक्रम लिहीत सुटला आणि त्यातूनच १९८१ साली ‘अल्टिमा’ आला. त्याच वर्षी ‘विझर्ड्री’ आला. या दोन गेमवरून प्रेरणा घेऊन जपानमध्ये युजी होरी यांनी १९८६ मध्ये ‘ड्रॅगन क्वेस्ट’ केला. ‘स्कायरिम’ ज्या मालिकेत येतो, त्या ‘द एल्डर स्क्रोल्स’चे जगही मूळचे बेथेस्डाच्या चमूच्या ‘डी अँड डी’च्या डावांतूनच आले. तिचा पहिला गेम ‘अरीना’ १९९४ चा.

लेव्हल, एक्सपी, हिट पॉइंट्स हे सगळे उचलले गेले. सुटला तो सोन्याचा नियम. संगणकावर गुण मुख्यतः मारण्याला मिळू लागले. कारण माझ्या मते अगदी साधे आहे. कोण मेले हे मोजायला एक ओळ पुरते, पण खेळाडूने किती चतुराईने लढाई टाळली, हे संगणकाला कळवणे अवघड. समोर बसलेला माणूस ते पाहू शकतो. त्यातून ‘ग्राइंडिंग’ आले. एकाच जागी तेच शत्रू मारत लेव्हल वाढवायची. पाच अष्टमांशचा नियम ज्यासाठी होता, तोच रोग.

दुसरी गोष्ट २००६ सालच्या ‘ऑब्लिव्हियन’मध्ये ठळक झाली. खेळाडू कुठेही जाऊ शकावा, म्हणून शत्रू त्याच्या लेव्हलनुसार बलवान होत जात. हेतू चांगला होता. परिणाम असा, की पुढच्या टप्प्यात रस्त्यावरचे भुरटे लुटारूही दुर्मीळ, महागडी चिलखते घालून शंभर नाणी मागू लागले. इंजिनीअरिंगच्या भाषेत हा ऋण फीडबॅक आहे. तुम्ही जितके वाढाल तितके जग वाढते, फरक शून्याकडे जातो. मग वाढून उपयोग काय आणि दूरच्या डोंगरात जायचे कशाला? आधीच्या ‘मोरोविंड’मध्ये बहुतांश धोका जागेला बांधलेला होता. खेळाडूंनी तक्रारी केल्या आणि ‘स्कायरिम’मध्ये प्रदेशानुसार मर्यादा आल्या.

जुना करार पुरता परत आला तो जपानमधून. ‘डार्क सोल्स’ आणि ‘एल्डन रिंग’चे दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी लहानपणी ‘फायटिंग फँटसी’ मालिकेची खेळपुस्तके वाचत. ती मालिका सुरू करणारे ब्रिटिश लेखक स्टीव्ह जॅक्सन आणि इयन लिव्हिंगस्टन यांनीच १९७५ साली ‘गेम्स वर्कशॉप’मार्फत युरोपात ‘डी अँड डी’ची विक्री सुरू केली होती. वाट लांबची, पण सरळ आहे. मियाझाकी यांच्या गेममध्ये धोका जागेला चिकटलेला असतो. मिळवलेले ‘सोल्स’ किंवा ‘रून्स’ हे चलनही असते आणि अनुभवही, म्हणजे सोने आणि गुण पुन्हा एकच. मेलात तर ते तिथेच पडतात. सुखरूप परत आणलेत तरच तुमचे.

शेवटची वर्षे कशी गेली?

१९८७ साली गायगॅक्स यांनी गेल कार्पेंटर यांच्याशी दुसरे लग्न केले. टीएसआर १९९७ मध्ये ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ने विकत घेतली आणि जुने वैर हळूहळू निवळले. ‘फ्युचरामा’ या कार्टून मालिकेत २००० साली त्यांनी स्वतःच्याच पात्राला आवाज दिला. पडद्यावरच्या गेमबद्दल ते फारसे उत्साही नव्हते. समोर माणूस बसून जग रंगवतो, तो खेळ आणि यंत्राने दाखवलेला खेळ त्यांना एक वाटत नसे. २००४ मध्ये पक्षाघाताचे झटके आल्यानंतर काम कमी झाले, तरी लेक जिनिव्हातल्या घरी आठवड्याचा डाव जानेवारी २००८ पर्यंत चालू होता. ४ मार्च २००८ रोजी, वयाच्या ६९ व्या वर्षी, त्याच गावात त्यांचे निधन झाले. आर्नेसन पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये गेले.

गायगॅक्स यांच्या अंत्यविधीनंतर जमलेले मित्र आणि चाहते लगेच पांगले नाहीत. गावातल्या एका सभागृहात टेबले मांडली गेली, फासे निघाले आणि खेळ सुरू झाले. पुढच्या मार्चमध्ये लोक पुन्हा आले. ‘गॅरी कॉन’ नावाचा तो मेळावा तेव्हापासून दरवर्षी भरतो.